रामटेकचा पाऊस आणि परातीवरचे भोवरे

रामटेकला जायचे म्हटले की आपण काय काय करतो ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. आदल्या रात्री तिखटमिठाच्या पुऱ्या, सकाळी मुलांची आवराआवर, गडावर आधी लक्ष्मणाचे आणि मग रामाचे दर्शन, माकडांपासून पिशवी सांभाळणे, दुपारी खिंडसीला नावेत एक फेरी आणि दिवेलागणीला नागपूर. सहल चांगलीच होते, त्यात काही उणे नाही. पण या खेपेला जाल तेव्हा एक गंमत करून पाहा. रामटेककडे जरा भांड्यांच्या डोळ्यांनी बघा. तांबे, पितळ, स्टील ही तर आपल्या रोजच्या हातातली माणसे! त्यांच्या नात्याने रामटेक पाहिले तर ते वेगळेच दिसते, आणि येताना घरी करण्यासारखे एक कामही सापडते. ते काम पुढे सांगणारच आहे, पण आधी वाटेला लागू.

नागपूरहून रामटेक पन्नासेक किलोमीटर. जबलपूरच्या मोठ्या रस्त्याने निघालात की कामठी मागे पडते, कन्हान नदी लागते आणि पुढे मनसरला रामटेकचा फाटा उजवीकडे वळतो. बहुतेक गाड्या इथे चहाला थांबतात आणि चहा पिऊन वळतात. तुम्ही मात्र मिनिटभर मनसरचे नाव लक्षात ठेवा. इथे मँगनीजची खाण आहे. मँगनीज म्हणजे काय, असे विचाराल तर आपल्या स्वयंपाकघरापुरते उत्तर असे की पोलाद बनवताना ते घालावेच लागते. स्टेनलेसच्या स्वस्त जातींत तर महागडे निकेल कमी करून त्याच्या जागी मँगनीजच वाढवतात. तुमच्या मांडणीवरच्या डब्यांमध्ये मनसरच्या मातीचा अंश असेल की नाही ते कोण सांगणार, पण त्या मातीची ही बहीण तिथे आहे हे नक्की! मनसरला टेकडीवर जुन्या विटांचे मोठे बांधकामही उत्खननात निघाले आहे, वाकाटक राजांच्या काळातले. पाय धड असतील तर तेही पाहून घ्या.

वाकाटक म्हटले की मला राहवत नाही, कारण रामटेकची खरी मानकरी एक बाई आहे आणि तिची कथा आपल्याला शाळेत कोणी नीट सांगितलीच नाही. प्रभावतीगुप्ता तिचे नाव. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त, त्याची ही लेक. विदर्भात वाकाटकांच्या घरी दिली, रुद्रसेन दुसरा याला. नवरा लवकर गेला, मुले लहान. मग राज्याचा कारभार हिनेच पाहिला, मुले मोठी होईपर्यंत. चौथ्या शतकाचा शेवट आणि पाचव्याची सुरुवात, म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तिची राजधानी नंदिवर्धन म्हणजे आजचे नगरधन, रामटेकहून पाच-सात किलोमीटर. तिथला जो किल्ला आपण बघतो तो पुष्कळ नंतरचा. पण २०१५ ते २०१८ या वर्षांत त्या गावात खोदकाम झाले तेव्हा मातीचा एक लहानसा ठसा मिळाला. त्यावर शंख आणि ब्राह्मी अक्षरांत राणीचे नाव!

आता भांड्यांकडे येते. प्रभावतीने दिलेल्या दानांचे ताम्रपट सापडले आहेत. ताम्रपट म्हणजे दुसरे काय, तांब्याचा जाड पत्रा, त्यावर अक्षरे कोरलेली आणि कडीला मोहर. एक संच अमरावती जिल्ह्यात, महानुभावांच्या रिद्धपुरात मिळाला. त्यात हा लेख रामगिरीच्या स्वामीच्या पायांपाशी दिला असे लिहिले आहे. रामगिरी म्हणजे रामटेकच, हे आपल्या नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडले. मेघदूतातला यक्ष ज्या रामगिरीवर दिवस काढत होता तोही हाच, असे त्यांचे म्हणणे, आणि म्हणून गडावर कालिदासाचे स्मारक आहे. दुसरी जोडी नंदिवर्धनाहून दिलेली. तिच्या मोहरेवर राजाचे नाव नाही, युवराजाच्या आईची ही आज्ञा आहे असा मजकूर आहे. आणि लेखाच्या सुरुवातीला बाईंनी सासरची वंशावळ दिलेली नाही, माहेरची दिली आहे. गोत्रसुद्धा माहेरचेच, धारण. लग्नाच्या पत्रिकेत आपले माहेरचे नाव कंसात घालायचे की नाही यावर आपल्याकडे अजून घरोघरी चर्चा होतात, आणि ही बाई सोळाशे वर्षांपूर्वी तांब्यावर कोरून मोकळी झाली!

ही दुसरी जोडी कुठे मिळाली असेल? पुण्यात, एका तांबटाच्या घरी. मला या गोष्टीचे फार नवल वाटते. तांबटाचे घर म्हणजे जुने तांबे येणार, भट्टीत जाणार आणि नवे होऊन बाहेर पडणार. त्या घरात हे दोन पत्रे वितळल्याविना राहिले. कोणीतरी ते बाजूला ठेवले, म्हणून आज प्रभावतीचे गोत्र आपल्याला माहीत. एका दुपारी भट्टी पेटलेली असताना हाताशी दुसरे तांबे नसते तर?

हे सगळे मी का सांगत बसले, ते आता अंबाळ्यावर आल्यावर कळेल.

अंबाळा तलाव गडाच्या पायथ्याशी आहे. चहूबाजूंनी दगडी घाट, काठाला देवळे, आणि मागे डोंगर. यात्रेच्या दिवसांत, विशेषतः कार्तिकी पौर्णिमेला, इथे पाय ठेवायला जागा नसते. त्यामुळे माझे मत विचाराल तर आषाढात जा. हो, पावसातच. छत्री घ्या, पायात घसरणार नाहीत असे काही घाला आणि घाटाच्या कोरड्या कोपऱ्यात दहा मिनिटे नुसत्या बसा. पावसाची सर सुरू होताना पाण्यावर एकेक थेंब पडतो. प्रत्येक थेंबाचे एक वर्तुळ, त्याच्या शेजारी दुसरे, दोघांचे पदर एकमेकांवर. बघता बघता सबंध तलाव वर्तुळांनी भरून जातो आणि ढगातून थोडा उजेड असेल तर प्रत्येक वर्तुळाला एक चमक येते. मी मागच्या आषाढात जाऊबाईंबरोबर गेले होते. त्यांचे घर रामटेकलाच. मी इतका वेळ गप्प बसलेली पाहून त्या म्हणाल्या, “काय पाहून राहिली गं तिकडे? पाणीच तं आहे.”

पाणीच होते. पण मी तशी नक्षी धातूवर पाहिलेली होती. तुमच्याही पाहण्यात असेल, आठवून बघा. आजोबांचे किल्लीचे चांगल्यापैकी खिशातले घड्याळ घरात असेल तर घड्याळजीकडून त्याचे मागचे झाकण उघडवून घ्या. आतल्या पत्र्यावर मोहरीएवढी वर्तुळे एकमेकांवर पदर टाकून ओळीने बसवलेली दिसतात. जुन्या काळच्या बड्या मोटारींत चालकासमोरच्या पत्र्यावर हेच काम असे, फक्त मोठे. आणि १९२७ साली लिंडबर्ग नावाचा तरुण वैमानिक एकटा न्यूयॉर्कहून पॅरिसला साडेतेहतीस तासांत उडत गेला, त्या विमानाच्या नाकाडावरही हीच नक्षी आहे. ते विमान आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात टांगलेले आहे आणि फोटोतसुद्धा ती वर्तुळे ओळखू येतात. इंग्रजीत त्याला इंजिन टर्निंग म्हणतात. आपल्याकडे या कामाला घरगुती नाव नाही, म्हणून मी त्याला भोवऱ्यांचे काम म्हणते. डोक्यावरच्या केसांत भोवरा असतो ना, अगदी तसे ते दिसते.

आपल्याकडे ते नाव नसले तरी धातूच्या अंगावर खुणांची नक्षी उठवण्याची विद्या मात्र आपली जुनीच. तांबटांचे मठारकाम बघा. बंबावर, घंगाळावर, तांब्यावर ते जे गोल गोल ठोके असतात, ती नुसती शोभा नव्हे. तांबे थंड असताना ठोकले की ते कडक होते, पातळ पत्र्याला बळ येते आणि भांडे सहजी चेपत नाही. फार कडक झाले तर तडकेल, म्हणून मधे मधे भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करतात. पुण्याच्या तांबट आळीत हे काम अजून हाताने होते. आपल्या बाजूला भंडारा पितळेसाठी नावाजलेला, रामटेकहून काही लांब नाही. आता बाजारात यंत्राच्या साच्यात दाबून ठोक्यांचा भास आणलेले तांबेही हाताचे म्हणून विकतात. ओळखायचे कसे? बोट फिरवा आणि उजेडात तिरपे धरा. सगळे ठोके एकाच मापाचे, सारख्या अंतरावर, छापील कापडासारखे असतील तर ते साच्याचे. हाताचा ठोका शेजाऱ्याशी थोडा भांडतोच. साच्याचे घेऊ नका असे मी म्हणत नाही, त्याचे पैसे हातच्या कामाचे देऊ नका इतकेच.

तर अंबाळ्यावरून घरी आलो तो दारात भंगारवाला. जाऊबाईंनी आमच्या सासूबाईंची पितळी परात मोडीत काढायला ठेवली होती. जुनी माणसे तिला कोपर म्हणायची. वीस माणसांची कणीक एका वेळी मळली जाईल एवढी. काठ दोन ठिकाणी फाटलेला, डाग देऊन देऊन कासारही कंटाळलेला. आणि आता वीस माणसे कुठे जेवायला असतात? जाऊबाईंचे काही चुकत होते असे नाही. पण भंगारवाल्याने परात काट्यावर चढवताना उलटी केली आणि तळावरचे नाव वर आले. ठिपक्याठिपक्यांनी घातलेले सासूबाईंचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव आणि १९५२ साल. लग्नातले भांडे. पूर्वी भांड्याच्या दुकानात नाव घालून देणारा बसलेला असे, तुम्हाला आठवत असेल. बारीक छिन्नी आणि हातोडी, टक टक टक. आपल्या किती जणींच्या आयांची, आज्यांची नावे कुठल्याच कागदावर, कुठल्याच सातबाऱ्यावर नाहीत. आहेत ती गुंडावर, परातीवर आणि डब्याच्या झाकणावर. ती किलोच्या भावाने जातात.

मी म्हटले, “जाऊबाई, तळ तरी कापून ठेवू या.”

“ठेवून काय करू बाई? धड पीठ मळता येत नाही, धड भिंतीला लावता येत नाही. सारे ओरखडेच ओरखडे.”

हे मात्र खरे होते. पन्नास-साठ वर्षे राखेने आणि चिंचेने घासलेली परात. तिला आरशासारखी चमक आणायची तर सगळा पत्रा झिजवावा लागेल आणि नावही जाईल. आणि इथेच ते भोवऱ्यांचे काम उपयोगी पडते. ओरखडे झाकायला त्याच्यासारखे दुसरे काही नाही, कारण ते काम म्हणजे स्वतःच ओरखडे आहेत, फक्त शिस्तीतले! जाऊबाईंच्या भाच्याचे रामटेकातच दुचाकी दुरुस्तीचे दुकान आहे. त्याला विचारले तर म्हणाला, “काकू, हे तं सोपं काम आहे. पण लई वेळ खाते.” दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

आता कृती सांगते. तुमच्याकडे परात नसेल तर जुने ताट, डब्याचे सपाट झाकण, किंवा हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला पितळेचा वा अॅल्युमिनियमचा पत्रा चालेल. पहिल्यांदा मात्र अॅल्युमिनियमच्या तुकड्यावर हात बसवा. आजीच्या परातीवर शिकू नका.

पत्रा सपाट आणि स्वच्छ हवा. परातीचा तळ कापण्याचे काम कासाराकडे किंवा पत्रेवाल्याकडे द्या. कापलेली कड सुरीसारखी असते, ती कानशीने मोडून घ्या. मग पत्रा चिंचेच्या पाण्याने किंवा साबणाने धुऊन, कोरडा करून, एका जाड फळीवर पक्का बसवा. चार कडांना लाकडी पट्ट्या ठोकल्या की तो हलत नाही. नाव असेल त्यावर कागदाची चिकटपट्टी दोन-तीन थर लावून झाका. तेवढा भाग जसा आहे तसाच ठेवायचा.

आता भोवरा काढायचे हत्यार. एक इंच जाडीची गोल लाकडी दांडी घ्या. तिचे टोक अगदी सपाट, काटकोनात कापलेले हवे, नाहीतर भोवरा अर्धाच उठतो. या टोकाला भांडी घासायच्या हिरव्या घासणीची गोल चकती कापून चिकटवा. हो, तीच आपली रोजची घासणी! तिच्यात धातूला ओरखडणारे बारीक कण असतात. आणखी ठसठशीत भोवरा हवा असेल तर घासणीऐवजी मोटार मेकॅनिक व्हॉल्व्ह घासायला वापरतात ती पेस्ट आणा. तिच्या डबीत बहुधा एका बाजूला जाड आणि एका बाजूला बारीक पेस्ट असते; आपल्याला बारीक पुरे. ती नुसत्या लाकडी टोकाखाली बोटभर लावायची, सोबत मशीनच्या तेलाचे थेंब. दांडीचे दुसरे टोक बारीक करून ड्रिलमध्ये बसवायचे. ड्रिल हातात धरून हे काम होत नाही, दांडी पत्र्यावर नाचते. स्टँडवर बसवलेले ड्रिल पाहिजे, आणि ते घरी नसेल तर जवळच्या दुकानात दोन तासांसाठी विनंती करा. (घरी ड्रिल असलेच तर ते “त्यांचे” असते, आणि भिंतीत एक खिळा ठोकायला सहा महिने लागतात. पण तुम्ही मागितलेत की लगेच स्वतःच करून दाखवायचा उत्साह येतो. त्याचा फायदा घ्या.)

गती मंद ठेवा. दांडी पत्र्यावर टेकवा, दोन-तीन सेकंद सारखा दाब द्या, उचला. एक भोवरा झाला. आता फळी अर्धा इंच सरकवा, म्हणजे भोवऱ्याच्या निम्म्या रुंदीइतकी, आणि दुसरा काढा. सरकवणे डोळ्याच्या अंदाजाने करू नका. फळीच्या मागे एक सरळ पट्टी ठोका, तिच्यावर दर अर्ध्या इंचाला पेन्सिलीने खुणा करा आणि फळी त्या पट्टीला घासत सरकवा. ओळ संपली की अर्धा इंच खाली येऊन पुढची ओळ. आणि हे नीट लक्षात घ्या: प्रत्येक ओळ एकाच बाजूने सुरू करायची. डावीकडून तर डावीकडूनच. अंबाळ्यातली वर्तुळे एकमेकांतून आरपार जातात, कोणी कोणाला पुसत नाही. पत्र्यावर तसे नाही. इथे नंतरचा भोवरा आधीच्याचा अर्धा भाग पुसतो आणि आधीच्याची फक्त चंद्रकोर उरते. सगळ्या कोरी एकाच दिशेला वळल्या तरच माशाच्या खवल्यांसारखी नक्षी दिसते. एक ओळ इकडून आणि एक तिकडून केलीत तर शिवणीत उलटसुलट टाके पडल्यासारखे दिसेल.

हिशेब आधीच करून घ्या. परातीतून आम्हाला नऊ इंची चौकोन मिळाला. अर्ध्या इंचाला एक म्हणजे ओळीत १८ आणि ओळी १८, एकूण ३२४ भोवरे. सरकवण्यासकट एकाला दहा सेकंद धरले तर तासाभराचे काम. तेच भोवरे अर्ध्या इंचाचे काढायचे म्हटले तर पाव-पाव इंचावर ३६ ओळी, १२९६ भोवरे आणि साडेतीन तासांवर वेळ. बारीक काम फार देखणे दिसते, पण पहिल्या खेपेला एक इंचच बरा. घासणीची चकती झिजली की भोवरे फिके पडत जातात, म्हणून दर तीन-चार ओळींनी बदला. ओळीच्या मधेच बदलू नका, तो सांधा कायम दिसतो.

ड्रिल मिळालेच नाही तर? पातळ पत्र्यावर, लहान कामासाठी, बाटलीच्या रुंद बुचाला बारीक पॉलिश पेपरची चकती चिकटवून हातानेही होते. बूच एकाच जागी दाबून मनगट इकडून तिकडे पंधरा-वीस वेळा फिरवायचे. भोवरा मऊ, जरा अंधूक उठतो. डब्याच्या झाकणाला तोही शोभतो.

सांभाळायच्या गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. फिरत्या ड्रिलपाशी पदर खोचलेला हवा, ओढणी असेल तर काढून ठेवा. बांगड्या काढा किंवा मनगटावर घट्ट सरकवा, केस बांधा. डोळ्यांना चष्मा हवाच. पत्रा कधीही नुसत्या हाताने धरू नका. दांडी अडकली तर पत्रा गरकन फिरतो आणि त्याच्या कडेचे मी आधीच सांगितले. आणि हे काम केलेला पत्रा अन्नाला लावायचा नाही. पेस्टचे कण ओरखड्यांत बसतात आणि वरून लॅकर लागते. ताटाचा, परातीचा आतला भाग जेवणासाठी ठेवायचा असेल तर त्याला कल्हई, भोवरे नव्हेत.

काम झाले की पेस्ट आणि तेल रॉकेलने किंवा थिनरने पुसा, मग साबणाने धुवा, कोरडे करा. नावावरची चिकटपट्टी काढा. आता बोट लावू नका! पितळेवर बोटाचा घाम राहिला तर लॅकरखाली तो ठसा काळा पडतो आणि मग जन्मभर तुमच्याकडे बघत बसतो. कडेने धरून, मोकळ्या हवेत, शेगडी-निरांजनापासून लांब, पारदर्शक लॅकरचे दोन पातळ हात फवारा. अॅल्युमिनियमला लॅकर नाही दिले तरी चालते. पितळेला दिले नाही तर महिन्याभरात ते मंद होईल, आणि मग पावडरने घासाल तर तुमचे भोवरे हळूहळू तुम्हीच पुसून टाकाल. लॅकर नको असेल तर चिंचेच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने नुसते टिपत जा.

हे चमकते का, त्याची गंमत सांगते. घरातले स्टीलचे झाकण दिव्याखाली धरा. त्याच्यावर डमरूसारखे दोन उजेडाचे पंखे दिसतील आणि तुम्ही झाकण जागच्या जागी गोल फिरवलेत तरी ते पंखे मात्र दिव्याकडेच तोंड करून राहतील. झाकणावरच्या बारीक गोल रेघांमुळे तसे होते. भोवऱ्यांच्या पत्र्यावर ३२४ लहान झाकणेच आहेत. प्रत्येकावर एक डमरू, आणि तुम्ही खोलीतून चालत गेलात की सगळे एकदम वळतात.

जाऊबाईंनी तो चौकोन देव्हाऱ्याच्या मागच्या भिंतीला लावला आहे. मधे नावाचा साधा पट्टा, जुन्या ओरखड्यांसकट, आणि भोवती भोवरे. समई दोन विती पुढे ठेवतात, काजळी बसू नये आणि लॅकरला धग लागू नये म्हणून. परातीचा उरलेला काठ भंगारवाल्यालाच दिला, त्याचेही पोट आहे. शेजारच्या दोघीतिघी येऊन बघून गेल्या. एकीने आल्या आल्या विचारले, केवढ्याला आणला? जाऊबाईंनी नुसते नावाकडे बोट दाखवले. दुसरी काही बोलली नाही, घरी जाऊन माळ्यावरचा गुंड खाली काढला. गुंडावर हे काम करता येत नाही, गोलाई आहे. पण तिच्या आईचे नाव गळ्याखाली आहे आणि आता तो माळ्यावर परत गेलेला नाही.

तुम्ही जाल तेव्हा आणखी दोन गोष्टी बघून या. गडावर नरसिंहाची दोन जुनी देवळे आहेत, तीही वाकाटकांच्याच काळातली. गर्दी रामाच्या दारात असते, इकडे कोणी फिरकत नाही. आणि निघताना रामटेकची विड्याची पाने घ्या. इथले पानमळे जुन्या काळापासून नावाजलेले. ओल्या फडक्यात गुंडाळून न्या, प्लास्टिकच्या पिशवीत घामेजून काळी पडतात. घरी पितळी पानदान असेल तर त्याचे झाकण सपाट आहे का ते आधी बघून ठेवा.